आमच्या परसातला कांदा-लसूण

हा अंक वाचकांच्या हाती पडेल आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता ते तो चाळू लागतील, तेव्हा मी बहुधा परसात उकिडवा बसून लसणाच्या पाकळ्या टोचीत असेन. ऐन दिवाळीत, घरात माणसांची वर्दळ असताना, कोपरापर्यंत माती माखून बसणारा यजमान आमच्या सौभाग्यवतींना मुळीच पसंत नाही. पण इलाज नाही. लसणाला लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांची थंडी मिळावी लागते आणि ती थंडी माझ्या सवडीने येत नाही.

आमचे घर साताऱ्याला. जुने, कौलारू, पुढे चिमुकले अंगण आणि मागे दोनएक गुंठ्यांचे परस. मी पेशाने शिक्षक. तेहतीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकविला आणि २०१९ साली निवृत्त झालो. एवढ्या काळात परसाशी माझा संबंध आला तो फक्त सायकल ठेवण्यापुरता. परस आईचे होते. मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात शेवगा आणि कढीलिंब, पावसाळ्यात मांडवावर दोडका आणि वालाच्या शेंगा, थंडीत मेथी, मुळा, आंबट चुका. पण तिचा खरा जीव होता तो आडाजवळच्या दोन वाफ्यांवर. त्यांतल्या एकात कांदा आणि दुसऱ्यात लसूण. गंमत अशी, की आई चातुर्मास कडक पाळी. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसणाला ती शिवतही नसे. वर्षातले चार महिने जी वस्तू खायची नाही, तिच्यासाठी उरलेले आठ महिने राबणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिचे पंचांग सोपे होते. दसऱ्याला कांद्याचे रोप टाकायचे. दिवाळीत लसूण टोचायचा. मार्गशीर्षात कांद्याची रोपे उपटून वाफ्यात लावायची. होळीच्या सुमारास लसूण काढायचा, आणि गुढीपाडवा होऊन गेला की अक्षय्य तृतीयेच्या आत कांदा. पुढे कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका चाळून पाहिल्या, तेव्हा ध्यानात आले, की त्यांतले महिने आणि आईचे सण अगदी जुळतात. रब्बीच्या कांद्याचे रोप सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लावावे, लावल्यापासून सुमारे चार महिन्यांनी तो काढणीला येतो, लसणाला साधारण एकशे तीस दिवस लागतात, हे सगळे तिने सणांच्या खुंट्यांना अडकवून ठेवले होते.

हा लसूण तिच्या माहेरचा. माहेर जुन्नर तालुक्यातले. १९५८ साली लग्न होऊन ती साताऱ्याला आली, तेव्हा आजीने तिच्या बोचक्यात चार गड्ड्या बांधून दिल्या होत्या. पाकळी लहान, साल किंचित जांभळट, सोलायला किचकट, पण वास असा, की फोडणीचा आवाज ऐकू येण्यापूर्वी ओसरीवरच्या माणसाला भूक लागावी. दर वर्षी त्यातला चांगला लसूण ती लावणीसाठी वेगळा काढी आणि उरलेला खायला घेई. असे बासष्ट वर्षे चालले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मलाही ती फार उशिरा कळली. कांद्याला फूल येते, बी धरते आणि त्या बियांतून नवा कांदा जन्मतो. तो आईबापांपासून थोडा तरी वेगळा असतो. लसणाचे तसे नाही. आपल्याकडच्या लसणाला बी धरतच नाही. पाकळी लावायची आणि गड्डी काढायची, एवढाच त्याचा संसार. म्हणजे यंदाची गड्डी ही गेल्या वर्षीच्या गड्डीची मुलगी नव्हे. तेच झाड पुन्हा एकदा उभे राहिलेले असते. तेव्हा आमच्या परसातला लसूण आजीच्या लसणाच्या वंशातला होता असे म्हणणे बरोबर नाही. तो आजीचाच लसूण होता. पण याचा दुसरा अर्थ असा, की एकाच वर्षी तो हातचा गेला, तर पुन्हा मिळायचा नाही. बाजारात लसूण पुष्कळ मिळेल. हा मिळणार नाही.

आणि तो मी जवळजवळ घालविला.

आई २०२० च्या ज्येष्ठात गेली. ते कोरोनाचे दिवस. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होते. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे जुन्नरचे मामा, यांना शेवटच्या दर्शनालाही येता आले नाही. दिवस झाले, आणि पाठोपाठ चातुर्मास लागला. आईच्या पश्चात निदान त्या वर्षी तरी तिचा नेम घरात पाळावा, असे आम्ही ठरविले. स्वयंपाकघरात खुंटीला आणि दांडीला तिने लसणाच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. होळीला तिनेच काढलेला तो लसूण. पाऊस सुरू झाला होता, भिंतींना ओल येत होती. तो नीट राहावा म्हणून मी सगळ्या जुड्या उतरविल्या, पाती कापल्या, गड्ड्या प्लॅस्टिकच्या एका जाड पिशवीत भरल्या, तोंड सुतळीने करकचून आवळले आणि पिशवी कोठीच्या खोलीत फळीवर ठेवून दिली. आपण फार शहाणपणाचे काम केले असे मला त्या वेळी वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

त्या वर्षी अधिक आश्विन आला. चातुर्मास चारांचा पाच महिन्यांचा झाला. दसरा झाल्यावर लावणीसाठी म्हणून पिशवी उघडली, तर आत काळी भुकटी, हिरवट बुरशी आणि कुजका दर्प. लसूण काढल्यानंतरही श्वास घेत असतो. त्याच्या अंगचा ओलावा पिशवीत कोंडला, बाहेर जायला वाट नव्हती, आणि गड्ड्या आपल्याच घामात कुजल्या. आईने त्या खुंटीला टांगल्या होत्या त्या शोभेसाठी नव्हे.

सौभाग्यवतींनी परात आणली. आम्ही दोघे जमिनीवर बसलो आणि एकेक गड्डी फोडून, एकेक पाकळी दाबून पाहू लागलो. दाबली की बहुतेक पाकळ्यांची बोटांवर भुकटी होई. दोन तास गेले. शेवटी परातीच्या कडेला अकरा पाकळ्या उरल्या. त्यांतल्या आठ बऱ्या होत्या, तीन अगदी आतल्या, बारीक. “मी केले” असे मी म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. उठून हात धुतले आणि त्या अकरा पाकळ्या एका वाटीत घालून देवघरात नेऊन ठेवल्या. लसूण देवघरात ठेवण्याची आमच्या घराण्यातली ती पहिलीच वेळ असावी.

त्या वर्षीच्या भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या अकरा पाकळ्या लावल्या. लसूण लावणे ही काही विद्या नव्हे, पण ज्याच्याजवळ अकराच पाकळ्या आहेत त्याला ती विद्या होते. माती भुसभुशीत हवी, पाणी साचता कामा नये, शेणखत पुरते कुजलेले हवे. ताजे शेण घातले तर पाकळीच सडते. पाकळीचे टोक वर आणि बूड खाली, दोन बोटांच्या पेरांएवढे खोल. सहा इंचांवर ओळ आणि ओळीत चार इंचांवर पाकळी, असे धोरण पुरे होते. पाकळीवरची पातळ साल सोलू नये. मी ओळीच्या दोन टोकांना काड्या रोवल्या, मांजराने उकरू नये म्हणून वर काटेरी फांद्या टाकल्या आणि रोज सकाळी चहापूर्वी जाऊन पाहू लागलो. आठव्या दिवशी पहिली हिरवी सुई वर आली. पंधरा दिवसांत दहा आल्या. अकरावीची मी महिनाभर वाट पाहिली आणि मग माती उकरली. तेथे काहीच उरले नव्हते.

लसणाची ही काळजी चालू असताना शेजारच्या वाफ्यात कांद्याने माझी फजिती मांडली होती.

आमचे चिरंजीव इंग्लंडात नोकरीला आहेत. २०१९ च्या नाताळात ते आले तेव्हा त्यांनी कांद्याच्या बियांचे एक पाकीट आणले होते. त्यावर नारळाएवढ्या कांद्याचे चित्र. “बाबा, तिकडे लोक एकेक किलोचा कांदा परसात पिकवतात आणि त्याची प्रदर्शने भरवतात,” असे ते सांगत होते. मी मनात म्हटले, ठीक आहे, साताऱ्यातही भरवू. (कांद्याचे बी काळे, त्रिकोणी असते आणि साध्या हवेत वर्षभरातच त्याची उगवण जाते; बंद पाकिटातले होते म्हणून निभावले. कित्येक घरांत कलौंजीला कांद्याचे बी म्हणतात. ती वेगळी वनस्पती आहे. लोणच्याच्या बरणीतली कलौंजी पेरून कांदा उगवत नाही, हा शोध लावायचा श्रेयभाग मी इतरांसाठी ठेवतो.)

रोप झकास उगवले. वाफ्यात लावले. माघात पाती गुडघ्याएवढी झाली. फाल्गुनात शेजारी कुंपणावरून पाहून कौतुक करू लागले. चैत्र आला, इतरांचे कांदे पोसले, आणि आमच्या विलायती कांद्यांची बुडे अजून बोटाएवढीच. खत घातले. पाणी वाढविले. वैशाखाच्या उन्हात पाती पिवळी पडून कोलमडली, तेव्हा उपटून पाहिले. जाडसर पांढरी मुळी आणि तिला पाने. कांदा म्हणून काही नव्हतेच. आम्ही महिनाभर पातीची भाजी खाल्ली, पीठ पेरून, डाळ घालून, कधी नुसतीच परतून.

लाजेची गोष्ट अशी, की याचे उत्तर मी तेहतीस वर्षे वर्गात शिकवीत होतो. अक्षांश वाढत जातात तसा उन्हाळ्यातला दिवस लांबत जातो, हे मी दर वर्षी पृथ्वीगोल फिरवून दाखवीत असे. २१ जूनला लंडनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. साताऱ्याचा त्या दिवशी सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही. याचा परिणाम वनस्पतींवर कसा होतो हे गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखविले. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात केवढीही वाढली तरी फुलत नाही आणि दिवस लहान झाले की फुलते, हे त्यांना आढळले. पुढे कळले, की कांद्याचे गड्डे धरणेही दिवसाच्या लांबीवर अवलंबून आहे. प्रत्येक जातीची आपली एक रेघ असते. दिवस त्या रेघेपलीकडे लांबला की पाती वाढवणे थांबवून झाड बुडाशी साठा करू लागते. आपल्या जातींची रेघ साडेअकरा-बारा तासांच्या आसपास असते. ती माघ-फाल्गुनात ओलांडली जाते, वरून ऊनही तापू लागते, आणि कांदा पोसतो. इंग्लंडातल्या त्या कांद्याला चौदा ते सोळा तासांचा दिवस हवा. तो साताऱ्यात शंभर वर्षे उभा राहिला असता तरी त्याला तसा दिवस दिसला नसता. खत आणि पाणी घालून मी त्या बिचाऱ्याची समजूत काढीत होतो, आणि तो सूर्याची वाट पाहत होता!

आपले बी तिकडे नेले तर उलटी फजिती. तिकडचा दिवस वसंतातच भराभर लांबतो. रोप लहान असतानाच रेघ ओलांडली जाते आणि गोटीएवढा कांदा धरून झाड मोकळे होते. चिरंजीवांना मी फोनवर हे सगळे समजावून सांगितले. ते म्हणाले, “बाबा, हा तास तुम्ही आम्हांला घेतला नव्हता.”

तेव्हा परसात कांदा लावू इच्छिणाऱ्या वाचकांना माझी पहिली विनंती ही, की पाकिटावरचे चित्र पाहू नका. आपल्याकडच्या हंगामाची जात घ्या. उन्हाळी कांद्यासाठी निफाड-पिंपळगावकडची जुनी एन-२-४-१ आहे, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा शक्ती किंवा भीमा किरण आहे. पावसाळ्यात लावायच्या जाती वेगळ्या, बसवंत-७८० ही त्यांतली जुनी. पावसाळ्याची जात थंडीत लावली, तर जोडकांदे आणि डेंगळे फार निघतात. डेंगळा म्हणजे कांद्याच्या मधून निघणारा फुलाचा दांडा. तो आला की त्या कांद्याचा साठा फुलाकडे जातो. असा कांदा आधी खाऊन टाकावा, टिकत नाही.

त्याच वर्षी अर्ध्या वाफ्यात मी आपल्याकडची रोपेही लावली होती. ती दिली आमच्या दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात, सहा इंच बाय चार इंच अंतराने, बरोबर दोनशे चाळीस रोपे बसतात. मी त्याच्या निम्मी लावली. कांद्याची मुळे जेमतेम वीतभर खोल जातात. त्यामुळे तण वाढले की कांदा उपाशी राहतो. लव्हाळा आणि हरळी यांच्याशी पहिले दोन महिने दर आठवड्याला खुरप्याने लढावे लागते. ढगाळ हवा आली की पातीवर करप्याचे जांभळट डाग दिसतात, आणि ऊन वाढले की पानांच्या बेचक्यांत फुलकिडे बसून पातीचा रस शोषतात, पात चांदीसारखी पांढुरकी होते. निंबोळीचा अर्क वेळेवर मारला तर परसापुरते भागते. हे सगळे मी पुस्तकात वाचून केले. जे पुस्तकात वाचूनही केले नाही, ते म्हणजे पाणी तोडणे.

चैत्रात मावशी दारात आल्या आणि वाफ्याकडे पाहून डोक्यावरची पाटी न उतरवताच म्हणाल्या, “गुरुजी, अजून पानी पाजताय व्हय? माना पडाया लागल्या की त्याच्या. आता तोडा पानी. तहान लागू द्या त्याला.”

“मावशी, ऊन किती आहे बघा. करपून जाईल.”

“करपू द्या पात. पात करपल्याबिगर कांदा मिटत न्हाई. तुमच्या आई कवाच पानी तोडायच्या.”

निम्म्या झाडांच्या माना पडल्या, की कांदा काढायला आला असे समजावे, आणि काढणीच्या दोन-तीन आठवडे आधीच पाणी बंद करावे, हा नियम आहे. मान सुकते, वरची साले कागदासारखी होतात आणि कांद्याचे तोंड बंद होते. ओल्या मानेचा कांदा म्हणजे उघड्या दाराचे घर. पण रोज पाणी घालण्याची सवय जडलेल्या माणसाला हात आखडता घेणे फार कठीण जाते. तहानलेल्याला पाणी न देणे हे संस्कारातच बसत नाही. मी मावशींच्या देखत मान डोलावली आणि त्या वळल्यावर संध्याकाळी हळूच झारी फिरविली. कांदे दिसायला सुरेख निघाले, तांबूस, टपोरे. पोत्यात भरले. आषाढात कांदेनवमीला भजी करायची म्हणून पोते उलटे केले, तर निम्म्याहून अधिक कुजलेले. उरलेल्यांची भजी झाली. पण त्या दिवशी घरात खमंग वासापेक्षा दुसराच वास जास्त होता.

पुढच्या वर्षी मावशींचे ऐकले. वीस दिवस झारीला हात लावला नाही, आडाकडे जाणेच सोडले. कांदे उपटून एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर येईल असे चार दिवस वाफ्यातच पसरले, म्हणजे ऊन थेट लागत नाही. मग इंचभर मान ठेवून पाती कापल्या आणि दहा-बारा दिवस पडवीत सावलीला सुकविले. पोते नाही, वेताच्या टोपल्यांत, खालून-वरून वारा खेळेल असे ठेवले. लासलगावकडच्या चाळी जमिनीपासून उचललेल्या आणि बाजूंनी फटी ठेवून बांधलेल्या का असतात, हे तेव्हा उमगले. ते कांदे गणपतीपर्यंत पुरले.

आता हिशेबाची गोष्ट. वाफा भरून सगळे कांदे धड आले तरी चौदा-पंधरा किलो निघतात. बाजारभावाने त्यांची किंमत काढून पाहाल तर माळ्याची एक दिवसाची मजुरीही सुटायची नाही. अर्थात भावाचे काय सांगावे! १९९८ साली दिल्लीत कांदा एवढा महागला, की तेथल्या राज्यकर्त्या पक्षाला विधानसभा निवडणुकीत तो फारच झोंबला असे सगळे सांगतात. आणि दुसऱ्या एखाद्या वर्षी तोच कांदा शेतकरी रस्त्यावर ओततो. परसातल्या कांद्याला हा भाव लागू नाही. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांनी परसात मेथी, कोथिंबीर आणि मिरची लावावी. मेथी महिन्याभरात ताटात येते. कोथिंबिरीसाठी धने लाटण्याने रगडून दोन दळे करून पेरावेत, नाहीतर उगवायला रुसतात. ज्यांना परस नाही, त्यांनी खिडकीतल्या खोक्यात लसणाच्या पाकळ्या दाटीने टोचाव्यात. गड्डी मिळणार नाही, पण थंडीभर हिरवी पात मिळेल आणि तिची चटणी भाकरीबरोबर कशी लागते हे मी येथे सांगत बसत नाही. आणि कांद्या-लसणानंतर त्याच वाफ्यात पुन्हा कांदा-लसूण लावू नये. आई तेथे चवळी किंवा गवार लावी, मीही लावतो.

असो. लसणाकडे परत येतो.

२०२१ च्या होळीला दहा झाडांची पाती पिवळी झाली. या वेळी पाणी मात्र पंधरा दिवस आधी तोडले होते. माझ्या धीराने नव्हे, सौभाग्यवतींनी झारीच कुलपात ठेवली होती. खुरप्याने माती सैल करून एकेक झाड उचलले. आठ गड्ड्या निघाल्या, लहानच, पण भरीव आणि जांभळट. ज्या बारीक पाकळ्या लावल्या होत्या त्यांतल्या दोहोंपासून एकपाकळी गोळे निघाले, छोट्या कांद्यासारखे गुळगुळीत. पाकळी फार लहान असली किंवा थंडी पुरेशी मिळाली नाही, तर लसणाची गड्डी अशी न फुटताच राहते. पुष्कळ लोक तो औषधी म्हणून जपून ठेवतात. मला तो माझ्या अर्धवट कामाचा दाखला वाटला. पण मावशींनी सांगितले, “टाकू नगा, पुढल्या साली लावा, फुटंल.” आणि तो फुटला.

त्या वर्षी आमच्या घरी तो लसूण कोणी खाल्ला नाही. आठ गड्ड्या आणि दोन गोळे स्वयंपाकघरातल्या त्याच खुंटीला पावसाळाभर टांगलेले होते. जाता-येता मी त्यांना बोट लावून पाहत असे. दिवाळीत फोडून मोजल्या, तर एकशे चौदा पाकळ्या आणि ते दोन गोळे. सगळ्या लावल्या. २०२२ च्या होळीला शंभराच्या आसपास गड्ड्या निघाल्या, आणि आईच्या वेळेसारख्या जुड्या बांधून दांडी पुन्हा भरली.

पूर्वी भाऊबिजेला मामा आमच्याकडे येत. त्या वर्षी मीच जुन्नरला गेलो. बरोबर दोन जुड्या नेल्या होत्या. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर, नजर मंद झालेली. त्यांच्याकडे लसूण अजून होतो, पण बाजारासाठी. मोठ्या पाकळीच्या जाती आल्या, सोलायला सोप्या, वजनाला भरणाऱ्या. घरचा बारीक लसूण कोणी मुद्दाम टाकला नाही, एका वर्षी लावायचा राहिला एवढेच. मी जुड्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि काही बोललो नाही.

अख्ख्या लसणाला फारसा वास नसतो. पाकळीच्या पेशींत दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि मग वास सुटतो. मामांनी एक पाकळी काढून बोटांनी चाचपली, जोत्याच्या दगडावर ठेवली, वरून पितळी पेल्याच्या बुडाने ठेचली आणि नाकाशी नेली.

बराच वेळ ते तसेच बसले. मग म्हणाले, “अक्काच्या बोचक्यातला. एस.टी.च्या थांब्यापर्यंत ते बोचकं मीच डोक्यावरून नेलं होतं. वाटेत पडू देऊ नको, असं आई तीनदा म्हणाली.”

त्यांनी आतल्या बाजूला वळून हाक मारली, “सूनबाई, सूप आणा जरा.” आणि सूप येताच मांडी ठोकून जुडी सोडायला घेतली. मोठ्या पाकळ्या एकीकडे, बारीक दुसरीकडे. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाले, “तू नको. तुझं नख लागतं साल्याला. तू त्या बारीक तेवढ्या आत नेऊन दे, आजच्या आमटीला होतील.”